सिग्नलची गँग हाताखाली आली? आधी हे वाचून घ्या

मला नागपुरात वाहतूक सिग्नलच्या दुरुस्तीचं काम मिळालं तेव्हा मी पथदिव्यांतून आलो होतो. साहेबांनी टेबलावर चाव्यांचा जुडगा ठेवला आणि म्हणाले, "आजपासून सिग्नल तुमच्याकडे." जुडग्यात तेवीस चाव्या होत्या, एकीलाही चिठ्ठी नव्हती. कोणती चावी कोणत्या चौकाची हे शोधण्यात माझे पंधरा दिवस गेले. शेवटी कळलं की त्यातल्या अकरा चाव्या एकाच बनावटीच्या कुलपाच्या आहेत आणि कोणतीही कुठेही लागते.

उद्या ज्याच्या हातात असा जुडगा येणार आहे त्याच्यासाठी हे लिहितोय. मग तो नवा जेई (कनिष्ठ अभियंता) असो, ठेकेदाराचा सुपरवायझर असो, की वायरमनचा मुकादम झालेला गडी असो. वीज तुम्हाला येते असं मी धरून चालतो. पथदिवा बिघडला तर अंधार पडतो, एवढंच. सिग्नल पूर्ण बंद पडला तर लोक हॉर्न वाजवतात, शिव्या घालतात, पण इकडेतिकडे बघून जातात. मात्र दोन आडव्या रस्त्यांना एकाच वेळी हिरवा मिळाला तर दोन्हीकडचे लोक त्या दिव्यावर भरवसा ठेवून वेग न कमी करता आत शिरतात. म्हणून आमच्या गँगमध्ये एक बोलणं पाठ करून घेतो: बंद सिग्नल चालेल, खोटा सिग्नल एक मिनिटही चालणार नाही.

१. पहिला आठवडा फक्त फिरा

पान्याला हात लावू नका. गँगमधल्या सगळ्यात जुन्या वायरमनला मोटारसायकलवर मागे बसवा आणि चौक न् चौक पालथा घाला. आमचे काका रस्त्यावर उभे राहून चपलेने डांबरावर रेघ मारायचे, "इथून गेली केबल, मंग त्या पानठेल्याखालून वळली." ती रेघ कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हती. सगळा नकाशा काकांच्या डोक्यात, आणि काका दोन वर्षांत निवृत्त होणार होते. तेव्हा वही घ्या आणि दर चौकाला एक पान करा. पानावर एवढं हवंच:

- वीजमीटरचा ग्राहक क्रमांक आणि महावितरणच्या कोणत्या उपविभागातून पुरवठा येतो ते
- कंट्रोलरची, म्हणजे चौकातल्या लोखंडी कॅबिनेटमधल्या दिवे बदलणाऱ्या यंत्राची, बनावट, आत किती कार्ड (सर्किटचे पत्रे), यूपीएसची बॅटरी कधी बदलली
- दर खांबाला कोणती केबल, किती कोअरची (आत किती तारा), कुठून रस्ता ओलांडते
- चालू टायमिंगचा फोटो: कोणत्या फेजला (एकत्र सुटणाऱ्या बाजूंना) किती सेकंद हिरवा, पिवळा किती, चारी बाजू लाल किती
- रस्ता कोणाचा: मनपाचा, बांधकाम खात्याचा की राष्ट्रीय महामार्गाचा
- त्या चौकाचं वाहतूक पोलिसांचं कार्यालय आणि ड्युटीवरच्या अंमलदाराचा नंबर

रस्ता कोणाचा हे लिहायला मी सुरुवातीला कंटाळा केला. मग एका चौकात फाउंडेशन खोदायला गेलो आणि परवानगी कोणाकडून घ्यायची यात आठ दिवस गेले. वर्धा रोडसारख्या रस्त्यावर वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली आपले खांब. तिथे कुदळ मारण्याआधी पत्र गेलेलं बरं.

प्रत्येक चौक तीन वेळा बघा: सकाळी, मावळतीला आणि रात्री. मावळतीला का? अमरावती रोडवरून शहरात येणाऱ्याच्या समोरचा सिग्नल पश्चिमेकडे तोंड करून असतो. संध्याकाळचं ऊन सरळ भिंगात शिरतं आणि तिन्ही दिवे लागल्यासारखे दिसतात. भंडारा रोडवरून पारडीकडून येणाऱ्यांचं हेच सकाळी होतं. दिवा चालू असतो, कंट्रोलर ठीक असतो, तरी तो सिग्नल त्या अर्ध्या तासापुरता खोटाच. उपाय साधा आहे. दिव्यावरची टोपी तुटली असेल तर नवी लावा, सिग्नलचं डोकं, म्हणजे तिन्ही दिव्यांची पेटी, थोडं खाली झुकवा, आणि एलईडी जुनी होऊन मंदावली असेल तर त्या बाजूची आधी बदला.

२. गँग कशी बांधायची

पाच माणसं पुरतात: वायरमन परवाना असलेले दोन, हेल्पर दोन, गाडीचा ड्रायव्हर एक. सुपरवायझरकडे सक्षमता प्रमाणपत्र हवं. ठेकेदार "पोट्टा हुशार आहे, सगळं येते त्याले" असं सांगून बिनपरवान्याचा मुलगा कॅबिनेटसमोर उभा करेल. करू देऊ नका. अपघात झाला की तो मुलगा हॉस्पिटलात आणि तुम्ही चौकशीत.

चौकात एकाचाच हुकूम चालला पाहिजे. वर शिडीवर एक, खाली कॅबिनेटमध्ये दुसरा, आणि दोघंही एकमेकांना ओरडून सांगताहेत "टाक!" "काढ!" असं चित्र दिसलं की काम थांबवा. "टाक" म्हणजे दिवा टाक की मेन स्विच टाक? आमच्याकडे "वीज दिली" आणि "वीज घेतली" असे पूर्ण शब्द बोलतात, ऐकणारा तेच परत म्हणतो, मगच हात हलतो. नवीन माणसाला सुरुवातीला हसू येतं. येऊ द्या.

३. गाडीत काय, फाइलमध्ये काय

गाडीत: फायबरची शिडी (ॲल्युमिनियमची नको), इन्सुलेटेड हातमोजे, हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, चमकणारी जॅकेटं, निदान बारा कोन, मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (केबलचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), होल्डरमध्ये बसवलेला साठ वॅटचा जुना बल्ब, फेरूलचा (तारेवर चढवायच्या आकड्यांच्या रिंगांचा) डबा, ग्लँड आणि लग, कनेक्टर पट्टी, तिन्ही रंगांचे दोन-दोन दिवे, दोन लॅम्प कार्ड (कंट्रोलरमधून दिव्यांना वीज सोडणारी), एक पॉवर सप्लाय, फ्यूज, एमसीबी, ब्रश, आणि मुंग्यांची पावडर. साठ वॅटचा बल्ब आता दुकानात सहज मिळत नाही. जुन्या घरातून दोनचार गोळा करून ठेवा, का ते पुढे येईल.

फाइलमध्ये: देखभालीचा कार्यादेश, माणसांच्या परवान्यांच्या झेरॉक्स, विम्याचे कागद, वाहतूक शाखेला दिलेलं कामाचं पत्र, साठा नोंदवही, रोजची लॉगबुक. सिग्नलच्या रचनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ९३ ही १९८५ सालची पुस्तिका आहे, आणि रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक कशी वळवायची यासाठी आयआरसी एसपी ५५. दोन्ही एकदा वाचून काढा. मीटिंगमध्ये कोणी "पिवळा दोन सेकंदांवर आणा, चौक लवकर मोकळा होते" म्हणालं की हे वाचन कामी येतं. ताशी चाळीसने येणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. तीन सेकंदांचा पिवळा म्हणजे तेहतीस मीटर. त्यातला एक सेकंद काढला की ज्याला थांबता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही असा माणूस तुम्ही चौकात तयार केला.

टायमिंग बदलणं तसंही गँगचं काम नाही. दुकानदार सांगेल, नगरसेवक सांगेल, अंमलदारही सांगेल. वाहतूक शाखेचं लेखी आल्याशिवाय एक सेकंदही हलवू नका.

४. फोन आला की कुठे आधी जायचं

एका पावसाळी संध्याकाळी सात-आठ फोन येतात. माझा क्रम असा:

- दोन आडव्या बाजूंना एकदम हिरवा, किंवा लाल-हिरवा एकत्र: सगळं सोडून इथे. जाता जाता अंमलदाराला फोन करून मेन पाडायला सांगा.
- खांबाला करंट लागतोय, वायर लोंबतेय, खांब कलंडलाय: याच दर्जाचं.
- एका बाजूचा लाल गेलाय: लगेच. हिरवा गेला तर लोक थांबून राहतात, लाल गेला तर थांबतच नाहीत.
- पूर्ण चौक बंद: त्यानंतर. तोवर अंमलदार हाताने वाहतूक चालवतात.
- काउंटडाउन टायमर चुकतोय किंवा बंद आहे: उद्या सकाळी. तक्रारी मात्र याच्याच सगळ्यात जास्त येतील, आणि वरून फोनही याच्यासाठीच येईल. क्रम सोडू नका.

तक्रार घेताना "सिग्नल खराब आहे" एवढ्यावर फोन ठेवू देऊ नका. कोणत्या बाजूने येताना, कोणता दिवा, लागतच नाही की विझत नाही, एवढं विचारा. "व्हरायटी चौकातला" म्हणजे कोणत्या तोंडाचा हे विचारलं नाही तर गर्दीच्या वेळी गाडी घेऊन गोल गोल फिराल.

५. चौकात उभं राहताना

आधी अंमलदाराला भेटा, मग गाडी लावा. उलट केलं की पहिल्याच मिनिटाला वाद. काम किती वेळाचं ते खरं सांगा. दहा मिनिटं सांगून तास लावला तर पुढच्या वेळी तो माणूस तुमच्यासाठी उभा राहणार नाही.

गाडी येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला, म्हणजे काम करणाऱ्या माणसाच्या आडोशाला लावा. पहिला कोन गाडीच्या बराच मागे, निदान तीस मीटरवर. गाडीला चिकटून लावलेले कोन फोटोपुरते असतात. हायड्रोलिक गाडीचा बूम उघडण्याआधी मान वर करून बघा. ११ केव्हीची तार वर असेल तर बूम तिथे उघडायचाच नाही. महावितरणकडून शटडाउन घ्या किंवा शिडीने करा.

६. वीज बंद केली म्हणजे बंद झाली असं नाही

मेन पाडला, कॅबिनेटमधला दिवा विझला, वायरमनने हात घातला आणि झटका बसला. बहुतेक गँगमध्ये हे एकदा घडलेलं असतं. कारण यूपीएस. महावितरणचा पुरवठा गेला की यूपीएस आपलं काम चोख करतो आणि कार्डांना २३० व्होल्ट देत राहतो. आधी मेन, मग यूपीएसचं आउटपुट, मग बॅटरीचा फ्यूज. फ्यूज काढून वायरमनने स्वतःच्या खिशात ठेवायचा. कॅबिनेटवर ठेवला की कोणीतरी भलं करायला म्हणून परत बसवतो.

दुसरा सापळा खांबाचा. एकाच खांबावर आपला सिग्नल, पथदिवा, कॅमेरा आणि गणपतीत कोणीतरी ओढलेली रोषणाईची वायर असते. आपला मेन पाडला तरी या चारातली फक्त एक वीज गेली. म्हणून दर खांबाच्या जंक्शन बॉक्समध्ये पुन्हा तपासायचं.

आणि तपासायचं कशाने? मे महिन्यात दुपारी मी निऑन टेस्टर लावून "वीज नाही" म्हणालो. काकांनी माझा हात बाजूला केला आणि दुपट्ट्याची सावली टेस्टरवर धरली. आत लाल ठिपका लागलेला होता. "ह्या उन्हात सूर्य नाही दिसत साहेब, टेस्टर काय दिसन तुम्हाले?" त्या दिवसापासून टेस्टर फक्त स्क्रू फिरवायला, तपासायला मल्टिमीटर.

७. दोष शोधताना फसवणारी चार ठिकाणं

न्यूट्रल. एका खांबावर लाल लागलाय आणि सोबत हिरवाही मंद लागलाय. नवा माणूस लॅम्प कार्ड बदलतो, फरक पडत नाही. दुसरं कार्ड बदलतो, तरी तेच. दोष बहुधा खांबाच्या बॉक्समध्ये ढिल्या झालेल्या न्यूट्रलचा असतो. तिन्ही दिव्यांचा न्यूट्रल एकच असतो. तो सुटला की लाल दिव्यातून गेलेली वीज परतीची वाट शोधत हिरव्यातून उलटी शिरते. एलईडीला थोडा करंटही पुरतो, म्हणून ती मिणमिणते. लांबून येणाऱ्याला ते मिणमिणणं हिरवंच वाटतं. आधी न्यूट्रल आवळा, मग कार्डाला हात लावा.

मल्टिमीटर. बंद असलेल्या कार्डाच्या आउटपुटला मीटर लावला तर शंभराच्या वर व्होल्ट दाखवू शकतो. कार्डातला ट्रायॅक (दिवा चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) थोडी गळती सोडतो आणि मीटरला तेवढी पुरते. आता तो साठ वॅटचा बल्ब काढा. आउटपुटला लावला आणि पेटला नाही, तर ती वीज नव्हती, भूत होतं. याच कारणाने चांगली कार्डं "शॉर्ट" म्हणून भंगारात जातात.

पाल. हसू नका. कॅबिनेट उबदार असतं, आत किडे असतात, मग पाल येते. टर्मिनलच्या दोन पट्ट्यांवर एकदम पाय पडला की पाल मेली आणि फ्यूज गेला. मुंग्या तर रिलेच्या आत घर करतात. केबल जिथून आत येते ते भोक फोम किंवा पुट्टीने बंद करा. महिन्याच्या तपासणीतलं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच राहून जातं.

चौथं ठिकाण खोदलेल्या रस्त्याचं, आणि त्यावर मला जरा थांबायचं आहे.

शहरात रस्ता कोणी ना कोणी खोदतच असतो: पाणी, गॅस, फायबर, गटार. एका चौकात जेसीबीने आमची केबल तोडली. खोदणाऱ्यांनी आम्हाला कळवलं नाही. त्यांच्याकडच्या एका मुलाने तुटलेली टोकं जोडली, टेप गुंडाळली, माती लोटली. आमची केबल बारा कोअरची. अशा केबलमध्ये कोअरवर छापलेले आकडे असतात, रंग नसतात. मातीने आकडे पुसले गेले होते, त्याने अंदाजाने जोडलं. दिवेलागणीला अंमलदाराचा फोन आला, "साहेब, दोन्हीकडून गाड्या सुटून राहिल्या!" मी म्हटलं, "मेन पाडा, मी निघालो."

कंट्रोलरमध्ये कॉन्फ्लिक्ट मॉनिटर असतो. दोन आडव्या रस्त्यांचे हिरवे एकदम आले तर तो सगळा चौक ब्लिंकरवर, म्हणजे नुसत्या लुकलुकणाऱ्या पिवळ्यावर, टाकतो. तो का नाही बोलला, हे मला तेव्हा कळेना. कॅबिनेट उघडलं तर सगळं बरोबर: या बाजूला हिरवा, त्या बाजूला लाल, मॉनिटर खूश. अदलाबदल कॅबिनेटच्या बाहेर, मातीखाली झाली होती. कंट्रोलर लाल पाठवत होता, खांबावर हिरवा लागत होता. मॉनिटरला त्याने काय पाठवलं एवढंच कळतं, लोकांना काय दिसतंय ते नाही.

सुदैवाने कोणाला लागलं नाही. त्यानंतर आमचे तीन नियम झाले. केबलचा सांधा फक्त आपली गँग मारेल. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दर कोअरवर फेरूल चढेल आणि घंटी मारून, म्हणजे तीच तार दुसऱ्या टोकाला निघते का ते मीटरने बघून, मगच जोड होईल. आणि कॅबिनेटमधल्या दिव्यांकडे बघून कोणीही "झालं" म्हणणार नाही.

८. चालू करण्याची पद्धत

घाईत सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण मागे गाड्यांची रांग असते आणि अंमलदार घड्याळ बघत असतो. तरी हा क्रम मोडू नका.

आधी चौक ब्लिंकरवर चालू करा. सगळ्या खांबांवर पिवळा लुकलुकतोय का, ते बघा. मग चारी बाजू लाल. आता एकेक माणूस एकेका तोंडासमोर उभा राहील. त्याने खांबाखाली उभं राहायचं नाही, स्टॉपलाइनच्या मागे, गाडीवाला जिथून बघतो तिथे उभं राहायचं. चौघं फोनवर एकत्र. मग नेहमीच्या चक्रावर टाका. प्रत्येकाने आपल्यासमोरचा दिवा मोठ्याने बोलायचा: "लाल... लाल... हिरवा... पिवळा... लाल." दोन जणांनी एकदम "हिरवा" म्हटलं आणि ती दोन तोंडं आडवी असली की मेन खाली. पूर्ण दोन फेऱ्या बघायच्या. चक्र १२० सेकंदांचं असेल तर चार मिनिटं लागतात. एकदा मी एकच फेरी बघून निघालो होतो. एका बाजूचा पिवळा लागतच नव्हता, हिरव्यावरून सरळ लाल. घरी पोचायच्या आत फोन आला, आणि जेवण ठेवून परत जावं लागलं.

मग पोलिसांच्या पॅनेलची चावी आणि बटन चालवून बघा. हाताने फेज बदलता येतो की नाही हे अंमलदाराच्या हातूनच करून घ्या. लॉगबुकमध्ये वेळ लिहा, त्यांची सही घ्या.

९. नागपूरचं वर्ष कसं जातं

मार्च ते जून. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तसा उन्हाळा नसला तरी ४५ नेहमीचंच. उन्हात तापलेल्या लोखंडी कॅबिनेटच्या आत काय होत असेल याचा विचार करा. पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगतात, पंख्याची जाळी धुळीने बंद होते, यूपीएसची बॅटरी महिन्यात म्हातारी होते. मार्चमध्येच सगळ्या जाळ्या धुऊन घ्या. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी देशभर गेली आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आम्ही त्या दिवशी गाडीत बसून ताक पीत होतो, काका म्हणाले, "पाहा, त्यांचंही कॅबिनेट तापलं." गँगचं काम सकाळी सहा ते दहा आणि पाचनंतर. दुपारी फक्त जीवघेणा दोष. दुपट्टा, पाणी, मीठ-साखर हे गाडीच्या यादीत लिहून टाका. दुपारी काही चौक ब्लिंकरवर टाकण्याचा आदेश आला तर तो कधी सुरू, कधी बंद, हे लेखी घ्या. नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत चौक लुकलुकत राहतो.

उन्हाळ्यातच अर्थिंग बघायचं. आपली काळी माती मेमध्ये भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थचा विरोध चढतो. आम्ही ५ ओहमच्या आत असल्याशिवाय सोडत नाही. खड्ड्यात पाणी टाका, मीठ-कोळसा भरा, पट्टीचे नटबोल्ट घासून आवळा. हीच माती पावसात फुगते आणि कॅबिनेटचा ओटा, खांबाचं फाउंडेशन तिरपं करते. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओळंबा लावून बघा.

पावसाळा. मृगाच्या आत दर खांबाच्या जंक्शन बॉक्सचं झाकण बघितलेलं असलं पाहिजे. झाकणं चोरीला जातात, आत वायर उघड्या पडतात, मग खांबाला गाय टेकते. आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडतोय म्हणून कोणी तो बायपास करत असेल तर त्याला त्याच दिवशी कामावरून काढा, मी गमतीत बोलत नाही. तो पडतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे. एकेक खांबाची केबल सोडवा, मेगर लावा, ओली केबल सापडते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून मी प्रत्येक पानावर ओट्याची उंची लिहितो. पाण्यात बुडालेलं कॅबिनेट पाणी उतरल्यावर लगेच चालू करायचं नसतं. कार्डं काढा, स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, पूर्ण वाळवा, मेगर घ्या, मगच.

कडुनिंब आणि गुलमोहर पावसात भराभर वाढतात आणि दिवा झाकतात. फांदी छाटायला उद्यान विभागाची परवानगी लागते, झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. जुलैत सगळ्या चौकांची एकच यादी करून एकदाच अर्ज द्या.

सण आणि अधिवेशन. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीत मारबत निघते, तेव्हा उंच पुतळ्यांच्या वाटेत आपल्या खांबाचा आडवा हात किंवा लोंबती केबल येते का हे आदल्या दिवशी मार्ग चालून बघा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे लाखो लोक पायी येतात. रहाटे कॉलनी, लक्ष्मीनगरच्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात, तिथे दोन दिवस आधी सगळं तपासून मोकळे व्हा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स आणि विधान भवनाच्या वाटेवरचं कोणतंही कॅबिनेट नियंत्रण कक्षाला सांगितल्याशिवाय उघडू नका. ताफा यायला पाच मिनिटं असताना तुम्ही मेन पाडलेला असेल, तर समजावून सांगायला कोणी वेळ देणार नाही.

१०. कागद

गँग कितीही चांगली असो, बिल लॉगबुकवर निघतं. आली वेळ, गेली वेळ, दोष, बदललेल्या वस्तूचा क्रमांक, अंमलदाराची सही. जुनी वस्तू साठ्यात जमा केल्याशिवाय नवी देऊ नका. मोजमाप पुस्तक दर आठवड्याला भरा. मार्चअखेर वर्षभराचं आठवून लिहायला बसलात तर ऑडिटवाले दोन प्रश्नांत पकडतील.

खांबावर कोणी वाढदिवसाचा बॅनर बांधला तर काढण्याआधी फोटो काढा आणि झोन कार्यालयाला कळवा. विद्रूपीकरणासाठी १९९५ चा कायदा आहे, कारवाई त्यांनी करायची. तुम्ही स्वतः कोणाचा बॅनर फाडत बसू नका.

रात्री ट्रकने खांब पाडला तर पहिला फोन गँगला आणि दुसरा पोलीस ठाण्याला. वीज तोडून वायरी झाकल्या की लगेच गाडीच्या नंबरप्लेटसकट फोटो काढा, कारण क्रेन आली की गाडी निघून जाते. ठाण्यात त्याच रात्री अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत मागा, आणि सकाळी खांब, डोकं, केबल, मजुरी असं खर्चाचं पत्रक जोडून नस्ती वर पाठवा. भरपाई गाडीच्या विम्यातून मागता येते, म्हणून अर्जावर तारीख त्या रात्रीचीच असू द्या.

खांब परत उभा राहायला काँक्रीट पिकेपर्यंत दिवस जातात. तोवर त्या तोंडाला दिवा नाही, बाकी तीन तोंडांना आहे. असा अर्धा चौक चालू ठेवायचा मोह होतो आणि वरून दबावही येतो. चौक ब्लिंकरवर टाका आणि अंमलदार मागा. तात्पुरता खांब ड्रममध्ये उभा करता आला, तर आठव्या भागातल्या दोन फेऱ्या बघून मगच चौक चक्रावर घ्या.